टाचेवरच्या गावातलं जेवण

कराडचा फ्लॅट सोडला त्या सकाळी मी गॅसचा कॉक पुन्हा पुन्हा तपासत होते. खाली टॅक्सी उभी. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि अमेय, माझा मुलगा, फोनवर रोज एकच म्हणायचा, "आई, एकटी काय करणार तू तिथे? चल माझ्याकडे." फ्लॅट भाड्याने दिला. तुळस शेजारच्या शैलाकडे गेली. जिन्यात निरोप देताना ती म्हणाली, "नशीब काढलंस बाई, आता नुसतं फिरायचं." मीही हसले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. नकाशावर पट्टीने दाखवलेले देश आता बघायला मिळणार, असं खरंच वाटलं होतं.

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला आमचं घर शहराबाहेरच्या वसाहतीत आहे. अमेय आणि सून केतकी दोघंही नोकरीला. गाडीशिवाय इथे पान हलत नाही आणि मला सायकलसुद्धा येत नाही. सकाळी सगळे गेले की मी आणि फ्रिजची घरघर. पाच वर्षांच्या नातीला, रेवाला, दुपारी शेजारीण शाळेतून आणून सोडते. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. एकदा वाट्या सापडेनात तर म्हणाली, "आजी, दे आर इन द प्रेस!" मी इस्त्रीपाशी जाऊन शोधत बसले. प्रेस म्हणजे इथे भिंतीतलं कपाट, हे मागाहून कळलं. कराडहून कुणी विचारलं की मी सांगते, मजेत आहे. दुसरं काय सांगणार? वाईट कुणीच वागत नाही. तक्रार तरी कशाची करायची?

गेल्या मे महिन्यात अमेयने इटलीची सहल ठरवली. व्हिसासाठी ढीगभर कागद जमवले आणि निघालो. नकाशात तो देश बुटासारखा दिसतो, आम्ही उतरलो टाचेपाशी, बारीला. विमानतळावरच गाडी भाड्याने घेतली. ऑलिव्हची झाडं, पांढरी गावं, कोवळं ऊन. सगळं सुरेख होतं, फक्त माझ्या जेवणाची पंचाईत. मी शुद्ध शाकाहारी. केतकी मागच्या सीटवर रेवाजवळ बसून फोनवर हॉटेलं शोधायची. एका ठिकाणी सॉसमध्ये मासळी, दुसरीकडे सुपात हाडांचं पाणी. शेवटी माझ्यापुढे टोमॅटो घातलेला पास्ता नाहीतर बटाट्याच्या काचऱ्या यायच्या. मी म्हणायची, "मला फारशी भूकच नाही."

तिसऱ्या दिवशी असंच शोधता शोधता दुपार टळून गेली. त्या भागात दुपारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती एकदम रात्री उघडतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका छोट्या गावातून गाडी रांगत होती. सगळीकडे दारं लावलेली. रेवा भुकेने रडायला लागली. केतकी दमल्या आवाजात अमेयला म्हणाली, "प्रत्येक वेळी आईंसाठी शोधत बसतो आणि हातचंही जातं." ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. वॉटरफोर्डला आल्यापासून तीन वर्षं मी कुणाच्या तरी गाडीत, कुणाच्या तरी मागे, पट्टा लावून बसले होते.

"अमेय, गाडी थांबव."

"काय झालं? मळमळतंय?"

मी उतरले आणि चालू लागले. पुढच्याच वळणावर एका खाणावळीचं दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्याशी माझ्याच वयाची एक बाई पाटीभर पालेभाजी निवडत होती. मी पोटावर हात ठेवला, मग मागून केतकीबरोबर रडत येणाऱ्या रेवाकडे बोट केलं. तिने घड्याळ दाखवून मान हलवली, बंद आहे म्हणून. मग रेवाच्या रडण्याकडे पाहिलं आणि उठून दार पूर्ण उघडलं.

आत तिचीच माणसं जेवायला बसली होती. त्यांनी खुर्च्या सरकवल्या. माझ्यापुढे ताटली आली. सोललेल्या वालासारख्या दाण्यांचं घोटून केलेलं घट्ट वरण, शेजारी उकडलेली कडसर भाजी, वरून कच्च्या तेलाची धार. मी पावाने निपटून खाल्लं आणि न लाजता पुन्हा मागितलं. अमेय माझ्याकडे बघतच राहिला.

त्या बाईने केतकीच्या फोनवरून भाषांतर करून विचारलं, घर कुठे तुमचं?

"आयर्लंड," अमेय म्हणाला.

"कराड," मी म्हणाले. दोघं एकदमच बोललो.

परत गाडीकडे येताना तो हळूच म्हणाला, "आई, तुला आमच्याकडे नाही का करमत?"

"नाही करमत रे. कोंडल्यासारखं होतं. मला माझ्या घरी जायचंय."

वॉटरफोर्डला परतल्यावर एका संध्याकाळी केतकी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. "आई, अमेयने सांगितलं मला. खरं सांगू? तुम्ही गेलात तर रेवाला कोण बघणार, हेच आधी माझ्या मनात आलं. मग माझीच मला लाज वाटली." तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अडकलेली मी एकटीच नाही, हे तेव्हा कळलं. पण त्याने दार काही उघडत नाही.

आता माझं तिकीट निघालंय. ख्रिसमसच्या सुट्टीत दोघं घरी असतात, तेवढ्यापुरतं कराडला जायचं. फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, म्हणून बहिणीकडे उतरेन. माझी स्वयंपाकखोली बघायची तर आधी फोन करून, त्यांची परवानगी घेऊन जावं लागेल. इथे मुलाकडे, तिथे बहिणीकडे. घर म्हणजे आता मी कुणाकडे तरी आहे, एवढंच.

अमेयने हौसेने तिकीट दाखवलं. परतीची तारीख त्याने मला न विचारताच टाकलीय, रेवाची शाळा उघडते त्याच्या आदल्या दिवसाची. मी ती वाचली आणि म्हणाले, "छान आहे."