शोदोशिमावर सांगायची गोष्ट

बेटावर गेल्यावर सांगू, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. घरी सांगितलं तर ती खोलीचं दार लावून घेईल आणि दोन दिवस बाहेर येणार नाही. बेटावर निदान दार तरी नसेल, असं त्याचं म्हणणं.

ती म्हणजे आमची चौदा वर्षांची मुलगी. कोबेला आलो तेव्हा दोन वर्षांची होती. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर जपानीतून यायचं. नवऱ्याचं इथलं काम संपत होतं आणि डिसेंबरअखेर आम्हाला कायमचं पुण्याला परतायचं होतं, ही ती सांगायची गोष्ट. मला ऑगस्टपासून माहीत होती. ऑक्टोबर संपत आला तरी आम्ही तिच्यापाशी तोंड उघडलं नव्हतं. मार्चमध्ये तिच्या शाळेच्या ब्रास बँडचा मोठा कार्यक्रम होता, पुढच्या वर्षी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा. रोज जेवताना ती या दोन्हींबद्दल बोलायची आणि आम्ही दोघं खाली मान घालून जेवायचो.

सकाळच्या बोटीने गाडीसकट निघालो. तीन तासांत शोदोशिमा. बोटीवर सांगतो, असं नवरा मला पार्किंगमध्ये म्हणाला होता. बोटीवर त्याने तिला गरम उदोन नूडल्स खाऊ घातल्या.

आधी ऑलिव्हच्या टेकडीवर गेलो. ग्रीसमधल्या एका बेटाशी या बेटाचं भगिनी-बेटाचं नातं आहे, त्या मैत्रीची खूण म्हणून तिथे पांढरीशुभ्र पवनचक्की बांधली आहे. खाली निळं पाणी, उतारावर रुपेरी पानांची झाडं. तिथे चेटकिणीचे असतात तसे झाडू फुकट वापरायला मिळतात. ते पायांत धरून उडी मारायची आणि कोणीतरी नेमक्या क्षणी फोटो काढायचा, म्हणजे आपण उडतोय असं दिसतं. ती वीस-पंचवीस वेळा उडाली असेल. नवरा फोटो काढत होता आणि दर उडीनंतर माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. आत्ता नको.

मग समुद्रकाठची जुनी लाकडी शाळा बघितली. बुटकी बाकं, भिंतीवर मुलांची चित्रं. शाळेवरून विषय काढता येईल, असं त्याच्या मनात होतं.

"तुझी शाळा..." त्याने सुरुवात केली.

"हं?"

"तुझ्या शाळेत अशी बाकं नाहीत ना?"

ती हसली.

तीनच्या सुमाराला सोया सॉसच्या गल्लीत पोचलो. काळ्या फळ्यांच्या जुन्या वखारी, आत माणसापेक्षा उंच देवदारी पिंपं, आणि गल्लीभर एक खारट, आंबूस, पण भूक चाळवणारा वास. एका दुकानात काउंटरमागच्या वयस्कर बाई वाटीत थेंब थेंब सॉस घालून चव दाखवत होत्या. मुलगी आईस्क्रीम आणायला बाहेर गेली होती.

"जपानात किती वर्षं झाली?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"बारा," तो त्याच्या मोडक्या जपानीत म्हणाला. "पण डिसेंबरमध्ये परत जाणार. कायमचं."

"अरेरे. मग मुलीची शाळा?"

"मुलांचं काय," तो हसला, "लगेच सवय होते."

मागे वळले तर ती दारात उभी होती. दोन्ही हातांत आईस्क्रीम. किती वेळ उभी होती कळायला मार्ग नव्हता, पण चेहरा बघून ते विचारायची गरज उरली नाही.

"खरं का?" तिने विचारलं. मराठीत विचारलं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"अगं ऐक, मी आजच सांगणार होतो तुला."

"त्या बाईंना आधी?"

तिने दोन्ही आईस्क्रीम काउंटरवरच्या वाट्यांच्या रांगेत नीट आडवी ठेवली, बाईंना वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.

खरं तर तिथूनच मुक्कामाच्या ठिकाणी जायला हवं होतं. पण अशा वेळी माणूस ठरलेलंच करत राहतो. अर्धा तास गाडी चालली. पुढचं ठिकाण एक वाळूची वाट होती. ओहोटीला समुद्र बाजूला होतो आणि किनाऱ्यापासून समोरच्या छोट्या बेटांपर्यंत चालत जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली. फलकावर वेळा लिहिल्या होत्या, आणि त्या दिवसाची वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती. सगळी माणसं परत येत होती.

गाडी थांबताच ती उतरली आणि येणाऱ्या माणसांमधून उलटी चालत निघाली.

"अगं, वेळ संपली!" नवरा ओरडला. ती पळायला लागली.

मी तिच्यामागे गेले. त्याला म्हटलं, तू इथेच थांब, तुला बघून ती आणखी पुढे जाईल. वाळू टणक होती, मध्यावर दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींना टेकायला आल्या होत्या. पलीकडच्या पहिल्या बेटाला वळसा घातला तर ती मागच्या खडकावर बसलेली.

"चल. पाणी चढतंय."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "ऑगस्ट," मी म्हटलं.

"सप्टेंबरमध्ये हिवाळ्याचा युनिफॉर्म घेतला आपण. तू एक माप मोठा घ्यायला लावलास. पुढच्या वर्षीही होईल म्हणालीस."

तो युनिफॉर्म घालून बघताना ती दुकानात आरशासमोर गोल फिरली होती आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"बाबा घाबरट आहे, मला माहितीये," ती म्हणाली. "पण तू?"

"मीही," मी म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. किनाऱ्यावरून नवऱ्याच्या हाका यायला लागल्या, आधी तिच्या नावाने, मग माझ्या. आम्ही पुढच्या बाजूला आलो तेव्हा वाट दिसत नव्हती. मी पाण्यात पाऊल टाकलं. गुडघ्यापर्यंत. दहा पावलांवर मांड्यांपर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी ओढ. मला पोहता येत नाही. पायाखालची वाळू सरकली, मी किंचाळले आणि जागीच उभी राहिले. पुढेही जाववेना, मागेही.

तिने माझं मनगट पकडलं. इथे शाळेत मुलांना कपड्यांसकट पोहायला शिकवतात, हे मला तेव्हा आठवलंही नाही.

"आई, पाय उचलू नको. घासत घासत टाक. माझ्याकडे बघ, पाण्याकडे नाही."

"मला जमणार नाही."

"जमेल. आता डावा."

एकेक पाऊल ती सांगत गेली आणि मी टाकत गेले. मध्येच एक लाट कमरेवर आली तेव्हा तिने मला अंगाशी घट्ट धरलं. तिचे दातही वाजत होते. समोरून नवरा बुटांसकट पाण्यात उतरून आला आणि त्याने तिचा दुसरा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

मुक्कामाच्या घरी गरम पाण्याने अंघोळी झाल्या. जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, "मला भीती वाटत होती तुझी. म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं."

ती भात चिवडत होती. "मार्चपर्यंत थांबता येईल का, एवढं तरी ऑफिसात विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. मीही त्याला कधी म्हटलं नव्हतं, की विचार. तीन महिने आम्ही फक्त तिला कसं सांगायचं याचा विचार केला होता, दुसरं काही नाही.

सोमवारी त्याने विचारलं. आठवडाभर काही उत्तर नाही, आणि तो आठवडा त्या पाण्यापेक्षा कठीण गेला. मग मार्चअखेरपर्यंतची मुदत मिळाली. त्यापुढे नाही. ती रडली, मग पुण्यातल्या शाळांची यादी स्वतः काढून बसली, आणि आम्ही मनात धरलेली शाळा तिने पहिल्याच फटक्यात खोडली.

बाबाशी तिचं लवकर जुळलं. माझ्याशी नाही. त्या हिवाळ्यात मी जरा गप्प दिसले की ती संशयाने बघायची. एकदा स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलंच, "काय लपवतेस?"

"काही नाही गं. पोळी फुगत नाहीये."

ती जवळ आली, तव्यात वाकून बघितलं, खात्री करून घेतली आणि मग गेली.