पेन ड्राइव्हमधला दत्तोबा

बँडवाल्यांच्या टेम्पोत वाद्यं मोजून चढवता येतात, किस्से नाही. लग्नाच्या प्रत्येक सुपारीला एखादा नवा चढतो आणि उतरत मात्र एकही नाही. मी हळू बोलतो. माझा एक किस्सा पुरा होईपर्यंत शिवाजी पेठेतल्या आमच्या कट्ट्यावरची मंडळी चहा पिऊन उठलेली असतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. शिवाय यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला अजून राग आहे, आणि रागात तर माझं बोलणं आणखी मंद होतं.

आधी आमची पद्धत सांगतो. आमच्यात नोटेशन वाचणारा कुणी नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेलं नवं गाणं आम्ही वाटेत बसवतो. टेम्पोत पेन ड्राइव्ह लावायचा, तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, मांडीवर बोटं चालवायची. लग्नाचं गाव येईपर्यंत गाणं बोटांत उतरलेलं असतं. हरवू नये म्हणून पेन ड्राइव्हला बँडच्या ड्रेसची जुनी सोनेरी लेस बांधली होती.

आणि त्यात सगळ्यात शेवटी दत्तोबा होता.

दत्तोबा म्हणजे आमचा क्लॅरोनेटवाला. त्याच्या शेजारी उभा राहून मी शिकलो. पुढे त्याचे दात गेले आणि वाजवणं सुटलं. आता क्लॅरोनेट माझ्याकडे आणि दत्तोबाच्या हातात झांज. पण पाठवणीची एक चाल त्याने स्वतः बांधली होती, ती कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतलेली. त्याचं वाजवणं तेवढंच उरलं होतं. परतीच्या वाटेवर शेवटी ते लागायचं. दत्तोबा खिडकीबाहेर बघत बसायचा.

*

आमच्या बँडचा तरुण मालक अमोल. त्याने नवा टेम्पो घेतला. नारळ फुटला, पेढे झाले. मी पेन ड्राइव्ह घेऊन पुढे गेलो, तर नव्या गाडीतल्या टेपला भोक एकच, आणि त्यात घातलं तरी आवाज नाही.

"आजोबा, तिथं फक्त चार्जिंग होतंय," गाडी द्यायला आलेला पोरगा म्हणाला. "गाणी आता ब्लूटूथवर!"

दत्तोबा माझ्या मागे उभा होता. "म्हंजी गाण्याला जेवाय घालायचं, पर त्यानं तोंड उघडायचं न्हाय!"

लाखांची गाडी, आणि जुन्या टेम्पोतला टेप काढून त्यात बसवावा लागला. ड्रायव्हर बंडूने तो चिकटपट्टीने बसवला. अजून हलतो.

*

अमोलचं मात्र ठाम मत, पेन ड्राइव्ह जुना झाला. "काका, सगळी गाणी हवेत हायत. फोन काढायचा, नाव सांगायचं, हजर!"

राधानगरीच्या पुढे एक सुपारी होती. त्याने हौसेने फोनवरून गाणं मागवलं. राधानगरी सोडली आणि हवेतली गाणी हवेतच राहिली. फोनवर नुसतं चक्र फिरतंय! एका वळणावर क्षणभर रेंज आली. आम्ही सगळे सरसावून बसलो. आली ती हिंगाची जाहिरात. पूर्ण आली, खणखणीत आली, आणि रेंज गेली.

गावात पोचलो. नवरदेवाचा काका म्हणाला, "सांगितल्यालं गाणं वाजवा की!"

काय वाजवणार? ड्रमवाल्याने डोळे मिटले आणि हिंगाचा ठेका धरला. मी लाजेने मान खाली घातली, पण बोटं चालली. सगळी वरात हिंगावर नाचली. वर काका म्हणतो, "वन्स मोअर! ह्येच तर सांगितलं हुतं!"

लोक हसतात. मला नाही हसू येत. गिऱ्हाइकाला फसवून आलो आम्ही.

*

त्या अनुभवानंतर अमोलने गाणी फोनमध्ये उतरवून घेतली, रीतसर पैसे भरून. एके दिवशी सगळी करडी पडली. नावं दिसतात, वाजत नाहीत. का, तर मुदत संपली!

"विकत घेतलीस न्हवं?" मी विचारलं.

"विकत न्हाय काका, ऐकायची परवानगी घेतलती."

ही कसली रीत? दत्तोबाच्या घरी म्हशी आहेत. तो म्हणाला, "प्यालेलं दूध परत मागायला अजून तरी कोण आलं न्हाय माझ्याकडं!"

*

आता माझा स्वतःचा अपमान ऐका. मी एसटीने लेकीकडे चाललो होतो. पिशवीत डबीएवढा स्पीकर, त्यात पेन ड्राइव्ह, आवाज माझ्या कानापुरता. कंडक्टर आला. "आजोबा, बंद करा त्ये. पब्लिकला तरास हुतोय."

पुढच्याच बाकावर एक धडधाकट बाप्या फोनवर रील बघत होता. दर दहा सेकंदाला नवा गोंगाट. मी बोट दाखवलं.

कंडक्टर म्हणाला, "त्यो फोन हाय. तुमचा स्पीकर हाय!"

बंद केला. लेकीचं गाव येईपर्यंत त्या फोनमधली बाई मोठमोठ्याने हसत होती. मलाच हसतेय असं वाटलं.

*

पुढचा किस्सा लिहिताना हात थांबतो.

बंडूने भाच्याच्या वाढदिवसाला पेन ड्राइव्ह नेला. परत आणून दिला तो हसत. "काका, हजारभर नवी गाणी टाकल्यात! जागा नव्हती, म्हणून पैलं सगळं पुसून काढलं."

मी म्हणालो, "बंडू... त्यात... दत्तोबा होता."

"कुठं गेलाय मग? त्यो काय, झांज पुसतोय की!"

दुकानात नेला. दुकानदाराने बरीच खटपट केली. फायलीचं नाव परत आलं, आवाज नाही आला. मी आठवडाभर बंडूशी बोललो नाही. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण एरवी मी कितीसा बोलतो!

दत्तोबाच माझी समजूत घालत होता. "जाऊ दे रं. त्या डबीत बसून अवघडलोच हुतो मी."

पण परतीच्या वाटेवर तो खिडकीत बसेनासा झाला.

*

एका बड्या लग्नात यजमान म्हणाले, "तुमी वाजवू नका. गाणी पेन ड्राइव्हवरनं लावणार हाय, आवाज चोख येतो. तुमी ड्रेस घालून तोंडाला लावून उभं राहा. फोटोला बरं दिसतंय."

मी आयुष्यात पहिल्यांदा चटकन बोललो. "चला, सामान भरा!"

दत्तोबाने माझा हात धरला. "थांब की. क्लॅरोनेट आण इकडं. नुसतं तोंडाला लावायचं असंल तर मलाबी जमतंय!"

आणि तो उभा राहिला. छाती काढून, गाल फुगवून. स्पीकरच्या बॉक्समधून भलतंच काही वाजत होतं, पण त्याची बोटं बघून मला कळलं. तो पाठवणीची चाल वाजवत होता. मी झांज घेऊन त्याच्या शेजारी उभा होतो, एकदाही न वाजवता.

*

आणि हे गारगोटीच्या लग्नातलं.

तिथं पाठवणीच्या वेळी मुलीचा मामा आला. आखातातून भाचीच्या लग्नाला आलेला. मला म्हणाला, "मास्तर, जरा ऐका. माझ्या अक्काच्या, म्हंजी हिच्या आईच्या लग्नाच्या शूटिंगमधलं हाय. मी तवा लहान हुतो. तिकडं एकटा राहतोय, ह्ये संगंच असतंय. आज पोरीला असंच वाजवून पाठवायचं."

त्याने फोन माझ्या कानाला लावला. पहिलाच सूर आला आणि मी ओळखलं, पाठवणीची तीच चाल.

दत्तोबा! दात असलेला दत्तोबा! मागे कुठेतरी पोरं ओरडतायत, बायका रडतायत, आणि त्या सगळ्याच्या वर तो.

दत्तोबा माझ्या शेजारीच होता. त्यालाही ऐकू आलं. झांजा त्याच्या हातात तशाच राहिल्या.

"कोण हुता देव जाणे," मामा म्हणाला. "असा माणूस आता मिळायचा न्हाय. तुमास्नी जमंल का?"

मी तोंड उघडलं. "पावणं... ह्यो... जो..."

माझा 'जो' संपायच्या आत झांजेची कड माझ्या बरगडीत बसली.

"ह्याला न्हाय जमायचं," दत्तोबा म्हणाला. "उभा जन्म शिकवतोय मी ह्याला."

मामा मोठ्याने हसला. भोवतीचे पाहुणेही हसले. "झांजवाला क्लॅरोनेट शिकवतोय व्हय!"

आमच्या बँडमधलं कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

"व्हय की!" दत्तोबाने झांजा काखेत मारल्या आणि कानामागे हात धरला. "लावा पावणं, परत एकदा लावा."