टाकीच्या जागी तिघीजणी

यादव भोये काम करताना माणसांशी बोलत नसे. बोलायचं झालंच तर नटबोल्टांशी बोले. "ये की रे, किती भाव खाशील," असं. सुरगाण्याकडचा माणूस. त्र्याण्णव साली द्राक्षछाटणीच्या टोळीबरोबर निफाडला आला, टोळी परत गेली आणि हा धनराज वडघुल्यांच्या मळ्यावर पंप दुरुस्त करायला म्हणून मागे राहिला. त्याला तेरा वर्षं झाली. बायको, भागीबाई, तीही मळ्यातच कामाला होती. काहीही बंद पडलं की यादवला हाक जाई. त्याचं म्हणणं मात्र फारसं कुणी ऐकून घेत नसे, कारण तो ते कधी नीट सांगतच नसे.

२००६च्या नोव्हेंबरात, बाग ऐन फुलोऱ्यात असताना, दोन रात्री अवकाळी पाऊस झाला. फुलोऱ्यातल्या घडांवर डावणीची बुरशी उतरायला एक दिवस पुरतो. औषध आजच्या आज मारायला हवं होतं आणि चिखलात ट्रॅक्टर शिरत नव्हता. भिस्त सगळी बेडकीवर होती. बेडकी म्हणजे धनराजनं मुंबईहून आणलेली चार रुंद टायरांची बाईक. मागच्या कॅरिअरवर सव्वाशे लिटरची टाकी आणि छोटा पंप. चिखलातून ती खरंच बेडकीसारखी टुणटुणत जाई.

पण सकाळपासून तिची चेन दोनदा तुटली होती. दोन्ही वेळा ओळीच्या टोकाला, बांध चढताना, लॉकपाशीच, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीपाशी. आदल्या दिवशी चेन सैल होऊन दात्यांवरून घसरत होती, म्हणून नाशिक रोडचा एक मेकॅनिक ती आवळून गेला होता. टाकी उतरवल्याशिवाय चेनला हात लागत नसे. त्यानं टाकी उतरवली, चेन बोटभर हलेल इतपत ताणली, टाकी परत चढवली. आज यादवनंही दोन्ही वेळा तसंच केलं.

दुपारचे दोन वाजले होते. चार एकरांतलं सव्वा एकर झालं होतं. चांदवडच्या डोंगरावर पुन्हा काळं भरून येत होतं, आणि औषध पानांवर वाळायला दोन तास तरी उघडीप हवी. डब्यात शेवटचं एक लॉक उरलं होतं. ते तुटलं तर दुसरं मुंबईहूनच यायचं.

यादवनं ते बसवलं. धनराज डोक्यावर उभाच होता. "आवळ अजून. सैल चेन उडते, शाळेतलं पोरगंही सांगेल तुला."

यादवनं आवळली. मळ्यावरचा गडी गेणू, त्यानं टाकी चढवून भराभर औषधाच्या बादल्या ओतल्या. धनराज सीटवर बसला, किल्लीला हात घातला. हात पुसता पुसता यादवची नजर खाली गेली. आत्ता बोटभर हलणारी चेन तारेसारखी ताठ झाली होती.

"थांबा."

"आता काय?"

यादव चेनकडे बघत राहिला. वजनानं मागचा भाग खाली दबतो, चेनच्या दोन्ही दातेरी चक्रांमधलं अंतर वाढतं आणि चेन ओढली जाते. त्याला हे दिसत होतं, पण सांगायचं कसं? निफाडला येण्याआधी दोन वर्षं तो सुरगाण्याच्या जीपवर क्लीनर होता. तिथला ड्रायव्हर पंचवीस माणसं कोंबून झाल्यावर मगच खाली वाकून स्प्रिंगचे पाटे नि चाकं बघायचा. रिकाम्या गाडीकडे तो बघतही नसे.

"टाकी उतरवा," यादव म्हणाला. "चेन सैल करायची हाय."

"सैल?" धनराजचा आवाज चढला. "दोनदा तुटली, आणि तू सैल करतोस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"वजन असताना मोजायला पायजे. टाकी ठेवली तर हात जात नाय. टाकीच्या वजनाची माणसं बसवा."

गेणूनं औषध बादल्यांत काढून टाकी उतरवली. फवारणीमुळं काम थांबलेल्या बायका शेडपाशी उभ्या होत्या. त्यांची मुकादम लंकाबाई म्हणाली, "मालकाच्या गाडीवर आम्ही? लोक काय म्हणतील?"

"औषध वेळेत मारलं म्हणतील," भागीबाई म्हणाली आणि चढून बसली. मागोमाग सखुबाई. दोघींनी मिळून लंकाबाईला वर ओढलं.

"भागी एकटीच पुरली असती," गेणू पुटपुटला.

"तुला बांधू का मागं?" भागीबाईनं विचारलं.

धनराज खाली उतरून बाजूला उभा होता. तीन मजूर बायांच्या पुढ्यात बसायचं म्हणजे त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"भाऊ, बसा," यादव म्हणाला. मग तेरा वर्षांत प्रथमच आवाज चढवून, "बसा म्हणतो ना!"

धनराज बसला.

बायकांनी पाय वर घेतले. यादव चिखलात आडवा झाला. बोल्ट ढिले केले, ॲक्सल केसभर पुढं सरकवला, चेन दाबून पाहिली. आणखी केसभर. शेवटी चौघांच्या वजनाखाली चेन बोटभर हलली तेव्हा त्यानं बोल्ट आवळले. बायका उतरल्या, बेडकी वर उठली आणि चेन खाली लोंबली. धनराजनं ते पाहिलं. एवढी सैल चेन आता उडणारच, असं वाटून त्याचा चेहरा उतरला.

टाकी चढली, भरली. बेडकी ओळीत शिरली. यादव मागून चालत राहिला, कान चेनकडे. बांध आला. पुढची चाकं चढली, मागचा भाग दबला, इंजिन कण्हलं. यादव खाली वाकला. चेन एकदा खडखडली आणि बेडकी बांधापलीकडं गेली.

दर फेरीला तो त्या बांधापाशी येऊन उभा राही. शेवटची टाकी साडेपाचला संपली. पाऊस आला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पानं कधीच वाळली होती.

खोलीच्या दारात बसून यादव नाचणीची भाकरी खात होता. भागीबाईनं विचारलं, "तुला ठावं होतं ना, तुटायची नाय म्हणून?"

"नाय."

तिनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "मंग शेठला एवढ्या जोरात का बोलला?"

"हळू बोललो असतो तर बसला नसता," यादव म्हणाला आणि त्यानं आणखी कालवण मागितलं.