चालत नाही : कॅमेरा

त्या टॅबलेटची मला मनापासून किळस आली होती. सात इंची, स्वस्तातला, बाबांना भजनं ऐकायला म्हणून मीच हौसेनं आणलेला. वर्षभरात तो असा मंद झाला की भजनाच्या चित्रावर बोट ठेवावं, उठून पाणी प्यावं, परत येऊन बसावं, तरी त्याचं चाक गरगरतच. आणि मध्येच पूर्ण पडदाभर जाहिरात. गारखेड्यात फ्लॅट, बायपासला प्लॉट, पोहण्याच्या तलावासकट. ती बंद करायची फुली इतकी बारीक की माझ्या बोटाला सापडायची नाही, मग बाबांच्या ऐंशी ओलांडलेल्या बोटाला काय सापडणार!

आणि तलाव कुणाला विकत होते, तर आम्हाला. दुष्काळाची ती ओळीनं आलेली वर्षं. आमच्या गारखेड्यात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. टँकरच्या पाण्याला गंजाचा वास, चहात घातलं तरी जात नसे. शहर मात्र असं सुटलं होतं की जिथं काल ज्वारी होती तिथं आज कमान उभी आणि कमानीवर सोनेरी अक्षरात कुठल्यातरी व्हॅलीचं नाव. व्हॅली म्हणे! सपाट माळ होता तो, बाभळी सोडल्या तर त्यावर काही उगवलं नव्हतं. बादलीभर पाण्यासाठी शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर आलेल्या माणसानं हातातल्या पडद्यावर निळंशार पाणी बघायचं, यासारखा ओंगळ विनोद मी दुसरा पाहिला नाही.

बाबा कोर्टात कारकून होते. शाळा निजामाच्या अमलातली, त्यामुळे सगळं शिक्षण उर्दूतून. आमच्या भागातले जमिनींचे जुने कागद उर्दूत आहेत, आणि ते घडाघडा वाचणारी माणसं एकेक करून गेली. शहर वाढलं तसा जमिनीला भाव आला, विहिरी आटल्या तसे पाण्याचे वाद उकरले गेले, आणि लोकांनी पेट्यांच्या तळातून आजोबा-पणजोबांचे कागद बाहेर काढले. ते घेऊन लोक आमच्याकडं यायचे. सकाळी अकराच्या सुमारास, मी बँकेत कामावर गेल्यावर. बाबा पैसा घेत नसत. धुतलेलं धोतर, पुढ्यात पाट, पाटावर कागद, आणि कागदाचा मालक समोर मांडी घालून. आई गेल्यानंतर त्यांना सकाळी दाढी करायला लावणारी ती एकच गोष्ट उरली होती, हे मला दिसत होतं. निदान तेवढं तरी दिसत होतं.

त्यांचा एक नियम होता. कागद हातात हवा आणि माणूस समोर हवा. कुणी म्हणालं, फोनवर फोटो पाठवतो, तर बाबा ताडकन म्हणायचे, "फोटोबिटो मला नको. कागदाला मालक असतो. त्याचं काय अडलंय ते त्याच्या तोंडावर वाचायचं, मग कागद वाचायचा." मला हे फार आवडायचं. मी बँकेत चार लोकांना ऐकवायचो. आणि याच वाक्यानं पुढं माझा घात केला.

टॅबलेट घेऊन मी आधी शहागंजच्या बाजारात गेलो. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं तो दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा उचलला. "भाईसाब, इसमें कुछ दम नहीं रहा. नया ले लो." कंपनीनं याच्याकडं कधीच पाठ फिरवली होती, नवी सुधारणा येणार नाही, जाहिराती मात्र येत राहणार. विकताना पाया पडायचं आणि विकल्यावर ओळख द्यायची नाही, ही रीत मला नवी नव्हती, पण संताप आला. दुरुस्तीवालाच जाता जाता म्हणाला, "दूसरा रॉम डालके देखो. अपने रिस्क पे."

रॉम म्हणजे टॅबलेट ज्यावर चालतो ती मूळ प्रणाली. कंपनीची काढून टाकायची आणि जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेली घालायची. हे लोक एका संकेतस्थळावर जमतात. मी तीन रविवार तिथं डोकं घातलं आणि माणूस या प्राण्याविषयी माझं मत आणखी खाली गेलं. कुणी साधा प्रश्न विचारला की आधी त्याची अक्कल काढायची. एक म्हणतो हाच रॉम सर्वांत चांगला, दुसरा म्हणतो हा तर चोरलाय. सगळ्यांच्या डोक्यावर एकच पाटी : बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. आमच्या टँकरवाल्याचं तरी वेगळं काय म्हणणं होतं!

शेवटी माझ्यासमोर तीन रॉम उरले. प्रत्येकाखाली दोन याद्या होत्या, काय चालतं आणि काय चालत नाही. पहिला जुना, त्यात सगळं चालायचं, पण वेग यथातथाच. दुसऱ्यात आवाज चिरका, म्हणजे भजनांचा सत्यानाश. तिसरा सर्वांत नवा. जाहिरात नाही, कचरा नाही, बोट ठेवायच्या आत उघडतो. त्याच्या दुसऱ्या यादीत एकच शब्द होता. कॅमेरा.

मी मोठ्यांदा हसल्याचं मला आठवतं. म्हटलं, वा! ज्यांना फोटोचं नावही सोसत नाही त्यांना कॅमेरा हवाय कशाला? बाबा बाहेरच्या खोलीत दहा पावलांवर बसले होते. विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यांच्या वतीनं ठरवायची मला सवय झाली होती. गोळ्या मी ठरवायचो, चष्म्याची फ्रेम मी ठरवायचो. डोळ्यांचा डॉक्टर वर्षापूर्वी म्हणाला होता की आता नंबर वाढवून उपयोग नाही, तेव्हा मीच ठरवलं की तेवढं भागतंय.

रविवारी दुपारी मी रॉम घातला. कंपनीचा जुना माल आधी संगणकावर जपून ठेवला, तेवढी अक्कल होती. पडदा काळा झाला, आणि मग लखलखीत नवं तोंड घेऊन तो उठला. मी बाबांच्या हातात दिला. भजन तत्क्षणी सुरू झालं.

"बघा! कंपनीला जमलं नाही ते मी घरात बसून केलं."

"झकास," बाबा म्हणाले.

आठवडाभर मी रोज विचारायचो, कसा चालतोय? ते म्हणायचे, लई झकास. मी फुगत गेलो. बँकेत तर मी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं.

पुढच्या शनिवारी, एवढ्या देखण्या वस्तूला नवं कव्हर हवं म्हणून मी शहागंजला गेलो. दुकानासमोरच्या हॉटेलात ओळखीचा चेहरा दिसला. देवगाव रंगारीचे एक शेतकरी, बाबांकडं मागंही एकदा भावाचा कागद घेऊन आलेले. गुडघ्यावर कापडी पिशवी, पिशवीवर हात.

"काय, आज इकडं? घरी नाही आलात?"

"आलतो की भाऊ, मंगळवारी. विहिरीच्या पाळीचा कागद व्हता. आज्याच्या टायमाचा. चुलतभाऊ म्हणतो पाण्यात तुमचा वाटाच नाय. दोन हात पाणी उरलंय विहिरीत, त्याच्यावर मोसंबी जगायची का मरायची. तहसीलात तारीख व्हती काल."

"मग बाबांनी वाचला ना?"

ते चहाच्या कपात बघायला लागले. "काकाला आता नाय जमत म्हणले. मी म्हणलं, काका, त्या पाटीवर वाचा की, मागल्या टायमाला वाचला तसा."

"कुठल्या पाटीवर?"

मग त्यांनी मला माझ्याच घरात काय चालायचं ते सांगितलं. बाबा पाटावर स्टीलचे दोन डबे ठेवायचे, डब्यांवर टॅबलेट आडवा, आणि त्याखाली कागद. कॅमेरा चालू करून बोटांनी अक्षर मोठं करायचे. बोराएवढं, लिंबाएवढं. कागद हळूहळू सरकवत ओळ वाचायचे. मालक समोर, कागद हातात. नियम मोडला नव्हता. फोटो त्यांनी एकही काढला नव्हता.

"मंगळवारी काय झालं मंग?" मीही त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"लई टाइम बोटं फिरवली त्येनी. कायतरी इंग्रजी लिहून येयाचं अन् काळं पडायचं. मंग कागद उचलून डोळ्याला लावला, पार नाकाला. घाम आला वो काकाला. म्हणले, अंदाजानं वाचला तर तुझं वाटोळं व्हईल, दुसऱ्या कुणाकडं जा. माफी मागितली माझी. मला." त्यांनी पिशवीवरचा हात काढला. "इथं एका बुजुर्गानं वाचून देला. काम झालं माझं. पर तुमी काकाला काय बोलू नका."

त्यांचं काम झालं होतं. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लगेच शिसारी आली. इतके दिवस ज्या दुरुस्तीवाल्याला, ज्या जगभरच्या उद्धट पोरासोरांना मी शिव्या दिल्या, त्यांच्यापैकी प्रत्येकानं मला खरं सांगितलं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, अपने रिस्क पे. त्या अनोळखी माणसानं तर स्वच्छ लिहिलं होतं, चालत नाही : कॅमेरा. खोटं बोलले ते एकटे बाबा, माझा फुगा फुटू नये म्हणून. दिवसातनं एकदा, रोज, लई झकास.

घरी येऊन मी नवा रॉम पुसला आणि कंपनीचा जुना माल परत घातला. चाक गरगरायला लागलं. बाबांसमोर स्वतः दोन डबे मांडले, टॅबलेट आडवा ठेवला, खाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र. कॅमेरा सुरू झाला.

बाबा डब्यांकडं बघत राहिले. "कुणी सांगितलं?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू किती खूश होतास."

एवढंच. मी रागावलो. आता लिहितानाही लाज वाटते, पण मी त्यांच्यावरच आवाज चढवला, की डोळे इतके गेले होते तर बोलायला काय झालं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बोललो असतो तर तू लोकांना येऊच दिलं नसतंस." आणि ते खरं होतं. मी तेही ठरवून टाकलं असतं.

त्यानंतर माणसं आली नाहीत. दोन आठवडे गेले, महिना गेला. देवगावच्या त्या भल्या माणसानं वाईट हेतूनं काही सांगितलं नसणार, पण एस.टी.त, बाजारात, तहसीलच्या ओट्यावर गोष्ट पसरायला हेतू लागत नाही. काकाला आता दिसत नाही. बाबा अकरा वाजता पाट मांडायचे, डबे ठेवायचे, बाराला उचलायचे. मग डबे मांडणं थांबलं. मग दाढी एक दिवसाआड झाली.

तेव्हा मी आणखी एक अक्कल चालवली. शहागंजात एका रद्दीवाल्याकडं जुन्या उर्दू कागदांचा गठ्ठा होता. त्यातला शिक्क्याचा एक बरा कागद मी उचलला आणि सकाळी, रजा काढून, बाबांच्या पुढ्यात ठेवला. "बँकेतल्या एकाचा आहे. जरा अडलंय त्याचं."

बाबांचा चेहरा उजळला. ते उठले, तोंड धुऊन आले, टोपी घातली. डबे मांडले. टॅबलेटनं आपला वेळ घेतला, मध्ये एक पोहण्याचा तलाव येऊन गेला, मी त्याची फुली दाबली. अक्षर लिंबाएवढं झालं. त्यांनी पहिली ओळ खणखणीत वाचली, मग दुसरी. मग बोट थांबलं आणि त्यांनी मान वर करून पाटाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं.

"मालक कुठंय याचा?"

"त्याला वेळ नाही बाबा. मी सांगेन त्याला."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. ज्या डोळ्यांना वर्तमानपत्राचा मथळा दिसत नव्हता त्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कागद डब्यांखालून हलकेच ओढून काढला, घडीवर घडी घालून माझ्या हातात दिला आणि टोपी काढली.

"यावर कुणाचं काही अडलेलं नाही," ते म्हणाले. "डबे आत ठेव. डाळीला लागतील."