विमानाची चाल, पाण्याची चाल

कौसरला दोन गोष्टी सहन व्हायच्या नाहीत. एक म्हणजे कमी साखरेचा चहा. आणि दुसरी, पूनमचं ते म्हणणं, की व्हिडिओ गेमच्या सगळ्या संगीतात पाण्याखालच्या गेमची चाल भारी. छे! भारी होती ती विमानाच्या गेमची चाल, आणि यात बोलण्यासारखं काही नव्हतंच, तरी दोघी इतकी वर्षं बोलत होत्या. आता तुम्ही म्हणाल, कापूस वेचणाऱ्या दोन लेकुरवाळ्या बायकांना हे काय सुचतं? सुचतं बुवा. तुमच्या गावात भांडायला दुसरे विषय असतील, धाडमध्ये हा होता.

याचं मूळ कौसरच्या अब्बांच्या दुकानात. धाडच्या बसस्टँडमागे फकीर मोहम्मद यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. टेप दुरुस्तीला येईनात, तेव्हा त्यांनी औरंगाबादहून व्हिडिओ गेमचा एक काळा डबा आणला, दोन रिमोटवाला, आणि एक पिवळी कॅसेट. दुकानातल्या जुन्या टीव्हीला तो जोडला आणि गावातली सगळी पोरं दुकानात लोटली. बस चुकलेले बाप्येही लाजत लाजत मागे उभे राहू लागले. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं. आत तेच पाच-सहा, नावं बदलून फिरून फिरून. पण कोणी तक्रार केली नाही. कॅसेट अडली की अब्बा तिच्यात फुंकर मारत आणि ती मुकाट्यानं चालू लागे.

कौसर दुकानदाराची पोरगी, म्हणून तिला फुकट. पूनम कौसरची मैत्रीण आणि दुकानाच्या भिंतीपलीकडची शेजारीण, म्हणून तिलाही फुकट. आणि फुकट्यांची पाळी बाकी सगळ्यांची संपल्यावर येते. तोवर दोघी पोत्यावर बसून नुसत्या ऐकायच्या. त्यात लोडशेडिंगचे ते दिवस. विमान ऐन रंगात आलेलं आणि टीव्ही टप्पकन बंद. पोरं बोंबलायची, पैसे परत मागायची. तेव्हा कौसर ती चाल तोंडानं पुढे चालू ठेवायची, टिंग टिटिंग टिंग, टिंग टिटिंग टिंग, आणि पोरं काळ्या टीव्हीकडे बघत बटणं दाबत राहायची! अगदी विमान पडल्याचा आवाजसुद्धा ती काढायची, म्हणजे ज्याची पाळी संपली तो गुमान उठायचा. अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माही पोरगी म्हंजे माही ब्याटरी."

पुढे मोबाईल आले, डबा माळ्यावर गेला, अब्बा मोबाईलची कव्हरं विकू लागले. कौसरचं लग्न गावातल्याच अकीलशी झालं, जो ऑटो चालवतो. पूनमचा नवरा धाडलाच पिठाच्या चक्कीवर लागला, म्हणून तीही माहेरच्या गावातच राहिली. सगळं बदललं. वाद तेवढा राहिला.

तिकडे शेतात बीटी कपाशी आली आणि वेचणीची रीतच पालटली. पूर्वी बोंडं सवडीनं फुटायची. आता सगळ्यांचीच शेतं एकदम पांढरी होतात आणि सगळ्यांनाच बाया त्याच दिवशी हव्या असतात. भाव पडला, अळी आली, पहिली पेरणी वाळून दुसरी केली, कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, मागचं शुक्लकाष्ठ काही सुटत नाही, पण फुटलेला कापूस त्याच्यासाठी थांबत नाही ना! म्हणून त्या वर्षांत धाडमध्ये खरा मान कुणाला असेल तर वेचणीच्या टोळीच्या म्होरकीला. ती म्होरकी म्हणजे झुंबरबाई, पूनमची आई.

संध्याकाळी झुंबरबाई ओट्यावर पाय पसरून बसायची. कास्तकार कोपऱ्यावरच मोटरसायकल बंद करून पायी यायचे. किसनराव, ज्यांनी गावात कुणाला स्वतःहून रामराम घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, तेसुद्धा टोपी नीट करत म्हणायचे, "झुंबरबाई, उद्या आमच्याकडं येनं होते का?" झुंबरबाई तंबाखू मळत आधी आभाळाकडे पाहायची, मग तळहाताकडे, आणि म्हणायची, "परवा पाहू."

समोरच्या आपल्या सासरच्या दारातून कौसर हे रोज पाहायची. तिला दागिना नको होता, मोठं घर नको होतं. तिला ते 'परवा पाहू' हवं होतं. जन्मात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ना शाळा सुटताना, ना लग्न ठरताना. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी दारात यावं, 'कौसरबाई' म्हणावं आणि आपण आभाळाकडे पाहावं!

आणि एका सकाळी, अकीलच्या ऑटोत सगळ्या जणी एकमेकींच्या मांडीवर बसून निवृत्ती नावाच्या कास्तकाराच्या शेताकडे निघाल्या असताना झुंबरबाईनं जाहीर केलं, "माह्या गुडघ्यानं जवाब देल्ला. आता टोळी कोणीतरी दुसरीनं सांभाळा."

सगळ्यांच्या नजरा कौसर आणि पूनमवर. दोघींच्याही मनात तेच, पण 'मी सांभाळते' असं तोंडानं कसं म्हणायचं? मग जे नेहमी व्हायचं तेच झालं.

"काही म्हन वं," पूनम बाहेर बघत म्हणाली, "पान्याखालच्या गेमसारखं म्युझिक झालं नाही."

"ते म्युझिक व्हय?" कौसर उसळली. "ते ऐकून म्हशी झोपतीन!"

"तुह्या विमानापेक्षा आमच्या चक्कीचा पट्टा बरा वाजते!"

"माय माय माय!" झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "पोरी व्हत्या तवापासून हे आयकून राह्यली मी. आज निकालच लावते. अर्ध्या बाया कौसरकडं, अर्ध्या पूनमकडं. आपापल्या चालीवर वेचा. सांजच्याले काट्यावर जिचा कापूस भारी, तिची चाल भारी, आन् टोळी तिची."

कौसरच्या मनात एकीकडे आनंद मावेना, दुसरीकडे धास्ती. शेवटी पूनम पोटची लेक होती. काटा झुंबरबाईच्याच हातात असणार. पण म्हटलं, जे होईल ते होईल.

शेताच्या मधोमध धुरा होता, मातीचा बांध. त्याच्या अलीकडे कौसरची फौज, पलीकडे पूनमची. निवृत्ती बिचारा हात जोडून उभा. दोनदा पेरून उगवलेला तो कापूस, त्याच्या घरच्या लेकरांपेक्षा जास्त जपलेला. "माय, गाने म्हना, गेम खेळा, काय करायचं ते करा," तो म्हणाला, "पन वेचा."

आणि सुरू झालं. टिंग टिटिंग टिंग! कौसरनं असा ठेका धरला की बायांचे हात बोंडांवर नाचू लागले. टिंगला उजवा हात, टिटिंगला डावा, टिंगला कापूस कमरेच्या ओटीत. पलीकडून पूनमचं संथ डुंऽऽ डुडुं, डुंऽऽ डुडुं चाललेलं, बाया डुलत डुलत वेचत होत्या. पंचाईत झाली धुऱ्यालगतच्या रुख्मिणीची. तिच्या एका कानात विमान, दुसऱ्यात पाणी. हात घाईत, पाय निवांत. बिचारी दोनदा आपल्याच लुगड्यात अडकून पडली. कौसरच्या फौजेतली कलाबाई इतकी हसली की तिच्या ओटीतला कापूस पुन्हा झाडावर पडला. निवृत्तीसुद्धा हसला, आणि त्या वर्षात निवृत्तीला हसताना पाहिलेलं कुणाला आठवत नव्हतं.

भाकरी खाईपर्यंत कौसरची फौज चांगली पुढे होती. पण दुपारचं ऊन वेगळंच असतं. विमानाची चाल धावायला लावते, आणि उन्हात किती धावणार? बायांचे आवाज बसले. एकेक जण गप्प झाली. कौसर एकटीच तोंडातल्या तोंडात ठेका धरून वेचत होती. हात छान चालला होता. कापूस सबंध, स्वच्छ निघत होता, काडी नाही, पाचोळा नाही. श्वासही लागत नव्हता. वा, तिला वाटलं, आता कसं जमलं! आणि मग तिनं स्वतःलाच नीट ऐकलं.

डुंऽऽ डुडुं. डुंऽऽ डुडुं.

या अल्ला! हे केव्हापासून? तिनं घाईघाईनं विमान सुरू केलं. हात अडखळले, बोटात बोंडाचं टोक घुसलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तोंड घट्ट मिटलं, आणि मनातल्या मनात पाण्याखाली शिरली ती थेट संध्याकाळीच वर आली.

निंबाच्या फांदीला काटा टांगला. झुंबरबाईनं एकेकीचं गाठोडं तोललं, दोन्ही बाजूंच्या गंजी वेगळ्या लावल्या, बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला. आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "कौसरचा भारी."

काय आरडाओरडा झाला! कलाबाईनं कौसरला कमरेला धरून उचललं. रुख्मिणी, जी नक्की कोणाच्या बाजूची हे तिलाही माहीत नव्हतं, तीही नाचली. झालं की हो! टोळी कौसरची! उद्या किसनराव दारात! कौसर हसत होती, आणि हसता हसता तिला पूनम दिसली. पूनम मान खाली घालून ओटीतले कापसाचे तंतू वेचून काढत होती.

घास तोंडाशी आलेला, पण गिळवेना. कौसरला स्वतःचाच असा संताप आला की बस.

"मावशी," ती ओरडलीच, "उतरवा ते! माहं वजन धरू नका. दुपारपासून मी हिच्याच चालीवर वेचलं. पान्याच्या!"

पूनमनं मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले, आणि ती सरळ कापसाच्या गंजीवर मागच्या मागे पडली. पोट धरून हसत होती. "अवं माय वं! मी मागं पडली म्हनून दुपारून मी तुह्या विमानात बसली व्हती!"

मग विचारूच नका. कलाबाई म्हणे, म्हणजे पाणी जिंकलं. रुख्मिणी म्हणे, नाही, विमान हरलं, पण विमानात पूनम होती, म्हणजे पूनम हरली पण तिची चाल जिंकली, मग कौसर जिंकली का हरली? सगळ्या एकदम बोलत होत्या आणि कुणालाच आपलं वाक्य पुरं करता येत नव्हतं. शेवटी निवृत्ती म्हणाला, "माय, कापूस जिंकला. आता पोत्यात भरा."

"तुमचं दोघीचंही चुकते," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज निराळा लागला म्हणून सगळ्यांनी पाहिलं. "सगळ्यात भारी चाल तिसरीच." आणि त्या बाईनं, जिनं टीव्हीतला एकही गेम जन्मात पाहिला नव्हता, तोंडानं हळूच वाजवलं: टुं, टुं, टुं, टुंऽऽ. एकेक सूर खाली उतरत जाणारे. हरल्यावर वाजायची ती चाल.

"भिंतीच्या या बाजूले मी पीठ मळून बसून राहत होती. तुमी दोघी हरल्याबिगर कधी घरी आल्या का? हे वाजलं का मी तवा ठेवत होती. पयली भाकर फुगेलोक दोघी दारात. त्याच्यापरीस चांगलं म्युझिक मी तं नाही आयकलं."

कौसरला एकदम त्या भाकरीचा वास आला. तिखट, तेल, फोडलेला कांदा, आणि एकाच ताटात दोघींचे हात. तिनं डोळे पुसले आणि 'कापसाचा कचरा गेला' असं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

"आन् टोळीचं?" कलाबाईनं विचारलं.

झुंबरबाईनं काटा फांदीवरून काढला आणि कौसरच्या हातात दिला. "जितलेलं वजन सोताहून उतरवते तिच्या हाती काटा नाही द्याचा, तं कोनाच्या हाती द्याचा?"

पूनमनं कौसरच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. "घे, म्होरके. पन चाल पान्याचीच भारी."

त्या दिवसापासून त्या टोळीत दिवस संपला की कौसर टुं टुं टुं टुंऽऽ म्हणते, आणि बाया पाठ सरळ करून घराकडे निघतात.

पण खरी गंमत दुसऱ्या संध्याकाळी झाली. कौसर शेतातून आल्या आल्या आपल्या ओट्यावर येऊन बसलेली. केस विंचरलेले, ओढणी नवी, काय बोलायचं ते पाठ. गल्लीच्या कोपऱ्यावर मोटरसायकल बंद झाली. किसनराव टोपी नीट करत आले, उभे राहिले आणि खाकरले.

"कौसरबाई, उद्या आमच्याकडं येनं होते का?"

कौसरबाई! पाठ केलेलं सगळं पार उडालं. डोक्यात नुसता झांजांचा गोंधळ. आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं, "भाऊ, एक सांगा. व्हिडिओ गेममधलं सगळ्यात भारी म्युझिक कोनतं?"

किसनरावांनी गल्लीच्या या टोकाकडे बघितलं, त्या टोकाकडे बघितलं. कुणी नाही असं पाहून ते वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बस चुकली का मी तुमच्या अब्बाच्या दुकानात येत होतो. खोटं कायले बोलू? ते माशाचं. पान्याखालचं."

समोरच्या झुंबरबाईच्या दारामागून पूनमचं खदखदणं ऐकू आलं.

कौसरनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग तळहाताकडे, सावकाश, पोटभर.

"परवा पाहू," ती म्हणाली.