सगळे ‘न’ बदला

विरार पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्यावर, प्रल्हाद मेहेरचा गाळा होता. पाटीवर लिहिलेलं: ‘मेहेर कॉम्प्युटर्स. टायपिंग, डीटीपी, रिपेरिंग.’ दोन हजार सालातली गोष्ट. विरारच्या फ्लॅटांमध्ये तेव्हा कॉम्प्युटर शिरायला लागले होते. त्यांच्यासोबत खोक्यात अक्कल येत नव्हती, एवढीच अडचण. एकदा एक काकू नुसता मॉनिटर दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षातून आल्या.

“काकू, डबा कुठाय?”

“तो घरी ठेवला. त्याला काय झालंय? दिसेनासं तर ह्याच्यात झालंय!”

आता बोला! दुसऱ्या एका गृहस्थांकडे प्रल्हाद भर उन्हात गेला, तर भिंतीवरचं बटण बंद. त्यानं ते चालू केलं. “एवढंच होतं होय?” म्हणून गृहस्थांनी चहासुद्धा विचारला नाही. ह्या धंद्याचं हे असंच. काम झालं तर ‘एवढंच होतं होय’, आणि नाही झालं तर ‘येत नाही मग दुकान कशाला थाटलंय’. ‘आभार’ हा शब्द प्रल्हादनं फक्त टाईप केलेला होता, तोही दुसऱ्यांसाठी.

पण गडी हसतमुख. गिऱ्हाईक गेलं की एकटाच खुदखुदायचा. एका गोष्टीला मात्र त्याला हसू यायचं नाही. प्रल्हाद अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तो ‘पानी’ म्हणाला आणि अख्खा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून त्यानं जीभ अशी घासूनपुसून घेतली की दुकानात चुकूनही त्याचा ‘ण’ घसरत नसे. आई जयवंती बाजारात सुके बोंबील विकून परतताना कधी गाळ्यापाशी थांबली आणि रस्त्यावरूनच ओरडली, “पल्हाद, पानी दे रे!” की तो तांब्या घेऊन घाईघाईनं बाहेरच जायचा. आत गिऱ्हाईक असायचं ना! लाज वाटायची त्याला, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

त्या वर्षी विरारच्या वाचनालयाची पंचविशी होती. स्मरणिकेचं काम प्रल्हादकडे आलं आणि संपादक म्हणून पाटणकर सर. सर निवृत्त मुख्याध्यापक, मनानं लोण्याहून मऊ, पण शुद्धलेखनाचं नाव काढलं की अंगात यायचं. ते स्वतः कोळीवाड्यात जाऊन जयवंतीसमोर बसले होते. वादळात पाणी घरात शिरलं आणि तरी होड्या परतल्या, त्या दिवसाची हकीकत तिच्याकडून ऐकून, ती म्हणाली तशीच लिहून आणली होती. “काय सांगते रे तुझी आई! अंगावर काटा आला,” हे त्यांनी प्रल्हादला चारदा ऐकवलं.

छापखान्यात मजकूर द्यायच्या दिवशी मात्र सरांमधला मुख्याध्यापक जागा झाला.

“प्रल्हाद, मजकूर छान, पण हे ‘पानी’, ‘कोन’ छापून कसं चालेल? लोक आपल्यालाच हसतील. दुरुस्त करून टाक.”

लोक हसतील. ‘राहू दे ना सर,’ हे चार शब्द प्रल्हादच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. आईचा लेख वाटेल तसा रंधा मारून गुळगुळीत करायचा, तोही आपल्या हातानं? पण नाही म्हणायचं तर ‘ही माझीच बोली’ असं म्हणावं लागणार. एवढी हिंमत कुठे होती!

“वडापाव आणतो आधी,” म्हणून तो सटकला.

इकडे सरांना हुरूप आला. शोधा आणि बदला, ही युक्ती त्यांनी प्रल्हादकडूनच शिकून घेतली होती. खुर्चीत बसले. शोधायचं काय? ‘न’. त्या जागी काय? ‘ण’. बदलायचे किती? सगळे! सरांनी बटण दाबलं, मजकूर जपून ठेवला, मशिन नीट बंद केलं आणि हात झटकले.

प्रल्हादनं परत येऊन मशिन चालू केलं, पहिलं पान काढलं आणि तो वाचतच राहिला. ‘अध्यक्षांचे मणोगत. आपले हे वाचणालय माणाणे उभे आहे.’ पुढच्या पानावर ‘कविता: माझे जीवण, तुझे णयण.’ अहो, जयवंतीच्या लेखासाठी निघालेले सर अख्खी स्मरणिका नाकातून बोलायला लावून मोकळे झाले होते! प्रल्हादला एवढं हसू फुटलं की वडापाव हातातून पडायचा राहिला. सरांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

“अरे, उलटं कर की! सगळे ‘ण’ परत ‘न’ कर.”

“करतो. पण मग आधीपासून ‘ण’ होते तेही जातील. तुम्ही पाटनकर व्हाल सर.”

सर मटकन खाली बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीत लाल रेघा मारलेला माणूस, आज स्वतःच्या नावाला हात लावायला तयार होईना. मग हळूच म्हणाले, “पाटनकर... अरेरे. कसंतरीच वाटतं रे. आपण आपल्यासारखे राहतच नाही.”

प्रल्हादचं हसू थांबलं. सकाळीच, नेहमीच्या सवयीनं, त्यानं सगळा मजकूर फ्लॉपीवर उतरवून ठेवला होता. ती त्यानं खणातून काढली.

“सर, ह्यात सगळं जसंच्या तसं आहे. आईचंही. ते तसंच जाऊ द्या.” त्यानं फ्लॉपी पुढे केली. “तिलाही कसंतरीच वाटेल.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. “जाऊ दे तसंच,” म्हणाले. “आणि काय रे, तू आहेस म्हणून वाचलो आज.” प्रल्हादनं सरांच्या पुढ्यात वडापाव सरकवला.

प्रकाशनाला हॉल भरला होता. पुढे फ्लॅटवाली मंडळी, मागे कोळीवाड्यातल्या बायका, अंग चोरून बसलेल्या. जयवंतीचा लेख सर स्वतः वाचायला उभे राहिले. पण जिभेचं वळण जाता जात नाही ना!

“पाणी घरान आला...”

“तसा नाय, सर!” मागून जयवंती उभी राहिली. “पानी! पानी घरान आला!”

पुढच्या रांगा हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी मान तुकवली, ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली, “पानी घरान आला.” मागच्या बायका सावरून बसल्या. होड्या दिसल्या तिथवर सर पोचले तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं.

माईकच्या वायरपाशी उभ्या असलेल्या प्रल्हादच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याच्या दुकानात रोज येणारे एक साहेब कानाशी वाकून कुजबुजले, “मघाशी मधेच ओरडली ती बाई कोण हो?”

“कोन म्हंजे?” प्रल्हाद म्हणाला, चांगला चार रांगांना ऐकू जाईल एवढ्यानं. “माजी आय हाय ती!”