शेवटच्या गाण्यातला आईचा आवाज

चिखलीच्या आमच्या घरात मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून आम्ही तिघा मित्रांनी रॉकचा अल्बम रेकॉर्ड केला. कापसाच्या जिनिंग कारखान्याला लागलेल्या आगीची एकच गोष्ट, अकरा गाणी, मध्ये कुठे थांबायचं नाही. अंगात मस्ती होती, दुसरं काय.

शेवटचं गाणं चालू असताना बाबा आत आले. ते बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून. तलाठ्याच्या परीक्षेला मी बसलोच नाही, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. "परीक्षेले काऊन नाही गेला बे?" म्हणत त्यांनी माइकचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा जबड्यावर. तोंडात रक्त आलं तसा मीही पिसाळलो. कॉलर धरून त्यांना ड्रमवर ढकललं. ते उठले आणि त्यांनी पुन्हा स्टँड उगारला. आई मध्ये पडली. तिसरा फटका तिच्या मनगटावर बसला.

"माह्या लेकराले नका मारू हो!"

माइक जमिनीवर पडला होता, पण चालू होता.

आम्ही ते सगळं गाण्यात तसंच ठेवलं आणि इंटरनेटवर टाकलं. पुण्या-मुंबईचे समीक्षक वेडे झाले. मराठी रॉकने एवढी मोठी उडी कधी मारली नव्हती म्हणे. शेवटी ओरडणारी ती बाई कोण, असं जो तो विचारायचा. खोटं कशाला बोलू, माझे पाय जमिनीवर नव्हते.

आईने ते मोबाइलवर एकदाच ऐकलं. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच बसलं होतं.

"तेवढं माहं ओरडणं काहाडून टाक," ती म्हणाली. "लोकाइले काऊन ऐकवून राह्यला?"

मी हो म्हणालो. काढलं नाही. तेवढं काढलं तर अल्बममध्ये उरतं काय, याची मला भीती वाटायची.

मग बुलढाण्याच्या एका कॉलेजात आमचा कार्यक्रम झाला. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. आवाज काढलाय, याच समजुतीत ती आली होती. शेवटच्या गाण्यात स्पीकरमधून रेकॉर्ड केलेला स्टँडचा फटका वाजला. पोरं त्याचीच वाट बघत होती. सगळं सभागृह मुठी उंचावून, एका तालात ओरडलं, "माह्या लेकराले नका मारू हो!"

आईने वाकडा हात डोक्यावर आडवा धरला आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पोरं आणखी जोरात ओरडायला लागली, आणि मी वाजवत राहिलो.